कोमट इंजिन

३ मार्च, रविवार. झाग्रेब

आमच्या स्वयंपाकघरात शहराचा एक नकाशा टांगलेला आहे. त्यावर ना चर्च आहेत, ना संग्रहालयं. फक्त लाल टिंबं आहेत आणि प्रत्येक टिंब म्हणजे एक शौचालय. ग्रंथालयातलं उत्तम, मंडईतलं वाईट पण उघडं, दातांच्या डॉक्टरांचं ओळखीवर. तीन वर्षांपूर्वी यास्नाच्या मोठ्या आतड्याला सूज आली. औषधांनी सूज उतरली, घाई राहिली. पोटानं हाक दिली की हाताशी तीन-चार मिनिटं. तेव्हापासून माझी बायको टिंबाटिंबानं जगते. टिंबं संपतात तिथं तिचं जग संपतं, आणि ते साधारण ट्रामच्या शेवटच्या थांब्याशी संपतं.

आज नेवेंकाचा फोन आला. ही यास्नाची धाकटी बहीण, दक्षिणेला पेल्येशाट्स द्वीपकल्पावर समुद्राकाठी, माहेरच्याच घरात राहते. तिच्या मुलीचं लग्न पंचवीस मेला आहे. इथून सहाशे किलोमीटर.

"विमानानं ये," नेवेंका म्हणाली.

"पट्टे बांधायचा दिवा लागला की उठू देत नाहीत," फोन ठेवल्यावर यास्ना मला म्हणाली. "माझं पोट दिवे बघत नाही."

बस नको, आगगाडी तिथवर जात नाही, आणि आमच्या छोट्या गाडीला दोन पेट्रोलपंपांमधलं अंतर नेमकं नको तेव्हा लांब होतं. "मग घरच घेऊन जाऊ," मी म्हणालो. विनोद म्हणून म्हणालो होतो. यास्ना हसली नाही. तिनं लॅपटॉप उघडला आणि संध्याकाळपर्यंत कॅम्परच्या जाहिराती वाचल्या. आत पलंग, आत चूल, आत संडास. नवे कॅम्पर आपल्यासारख्यांनी लांबून नमस्कार करण्याचे. जुने, डिझेलवरचे, वीस-पंचवीस वर्षांचे पाहावेत असं ठरलं.

मी त्या वस्तूचं 'गृहरथ' असं नामकरण केलं. यास्ना म्हणाली, "नावं देण्यात तुझा हात कुणी धरणार नाही. आता गाडी शोध."

सव्वीस वर्षं या देशात मी संस्कृत शिकवतो. इंजिनाविषयी माझं ज्ञान एवढंच, की ते बहुधा पुढे असतं.

५ मार्च

तळमजल्यावर विंको राहतो. बस डेपोतला निवृत्त मिस्त्री. त्याला जिन्यात गाठलं.

"प्रोफेसर, पोचलात की माणसाशी हात मिळवायच्या आधी इंजिनाला हात लावायचा. गार पाहिजे. मढ्यासारखं गार. जुनं डिझेल थंडीत सुरू होताना खरं बोलतं. खोकतं, धूर ओकतं, काय असेल ते पोटातलं बाहेर काढतं. म्हणून लबाड माणूस तुम्ही यायच्या आधी तासभर चालवून ठेवतो. कोमट लागलं की मागे फिरायचं. कारण ऐकत बसायचं नाही."

"आणि खरंच काही कारण असलं तर?"

"चाळीस वर्षांत एकाचंही खरं निघालं नाही."

शिवाय भिंतीच्या कोपऱ्यात अंगठा दाबून पाहायचा, कारण ओल धरलेली भिंत ताज्या पावासारखी दबते. आणि सौदा होईपर्यंत विकणाऱ्याच्या घरचा थेंबही घ्यायचा नाही. शेवटच्या नियमाचं विंकोला स्वतःलाच वाईट वाटलेलं दिसलं.

मी मात्र खूश झालो. जिथं जिथं धूर तिथं तिथं अग्नी, हे मी पहिल्या वर्षाच्या मुलांना शिकवतो. इथं जिथं जिथं कोमट इंजिन तिथं तिथं लबाड. मिस्त्रीकाम इतकं शास्त्रशुद्ध असेल असं वाटलं नव्हतं.

९ मार्च, शनिवार

कार्लोवाट्सला गेलो, मी आणि विंको. यास्ना आली नाही. त्या रस्त्यावरची टिंबं तिला पसंत नाहीत.

जाहिरातीत "जपून वापरलेली" असं होतं. दार उघडताच लव्हेंडरचा घमघमाट. "वास जितका चांगला तितकी ओल जुनी," विंको माझ्या कानात पुटपुटला आणि त्यानं कोपऱ्यात अंगठा दाबला. अंगठा दुसऱ्या पेरापर्यंत आत गेला.

मालक म्हणाला, "तिथं पूर्वी खिळा होता."

"खिळा की विजेचा खांब?" विंकोनं विचारलं.

येताना दोघांनी वाटेत भाजलेलं कोकरू खाल्लं. दिवस अगदीच वाया गेला असं म्हणता येणार नाही.

१६ मार्च

सिसाक. इंजिन चक्क गरम. मालक म्हणाला, "शेजाऱ्यानं जरा बाजूला घेतली." विंको तोवर आमच्या गाडीत जाऊन बसलाही होता. मी सभ्यपणे उभा होतो, तेवढ्यात शेजारी बाल्कनीतून ओरडला, "मी कशाला घेऊ बाजूला? सकाळपासून तूच तर तिला गल्लीत फिरवतोयस, नवी नवरी असल्यासारखी!"

घरी आल्यावर यास्नाला हे सांगितलं. ती हसली. मग तिनं पंचवीस मेपर्यंतचे आठवडे मोजले आणि हसायची थांबली.

२३ मार्च

उत्तरेला मेजिमुर्येत, मुरा नदीजवळच्या गावात. आज यास्नाही आली. त्या महामार्गावर पंप चांगले आहेत आणि तिनं फोन करून दोन ठिकाणी खात्री केली होती.

मालक श्तेफकाका, ऐंशीला टेकलेले. आमच्या गाडीचं दार उघडायच्या आत धावत आले, तिघांचे हात धरले आणि थेट कॅम्परमध्ये घेऊन गेले. त्यामुळे विंकोचा पहिला नियम शेवटी ढकलला गेला.

गाडी सव्वीस वर्षांची आणि डोळ्यांत भरेल अशी स्वच्छ. भिंतींवर अंगठे दाबून दाबून आमचेच अंगठे दुखले. खिडक्यांना निळे पडदे. "मारित्साला निळेच लागतात," काका म्हणाले. "प्रवासात तिला खिडकीची जागा लागते. आणि कॉफी माझ्या हातची." मारित्साबाई काही बाहेर आल्या नाहीत. गाडी विकायला काढली म्हणून रागावून आत बसल्या असाव्यात. आमच्या घरीही असंच झालं असतं. ओट्यावर दोन कप होते, एक रिकामा, एक काठोकाठ भरलेला आणि गार. म्हातारपणी माणूस विसरतो. चालकाशेजारच्या आसनावर एक लोकरी जाकीट घडी करून ठेवलं होतं आणि त्यावरून पट्टाही बांधलेला होता. नीटनेटका माणूस. यास्ना त्या जाकिटाकडे बराच वेळ पाहत होती. तिला लोकरीतलं कळतं.

मग ती संडासात गेली आणि दार लावून घेतलं. दहा मिनिटं झाली तरी येईना. मी हळूच विचारलं, "बरं आहे ना?"

"काही होत नाहीये," आतून आवाज आला. "नुसती बसलेय. दोन पावलांवर आहे हे सगळं, मुकुंद. सगळ्यापासून दोन पावलांवर."

ती बाहेर आली तेव्हा तिचा चेहरा तीन वर्षांनी लहान झाला होता. तेवढ्यात विंकोनं झाकण उचलून इंजिनाला हात लावला.

"काका, आज गाडी चालवलीत?"

"मी? नाही बुवा." म्हातारा कानापर्यंत लाल झाला. "ऊन लागलं असेल."

बाहेर झिमझिम चालू होती. विंकोनं झाकण लावलं. "चला, प्रोफेसर."

गाडीत यास्ना म्हणाली, "त्याला विचारायला हवं होतं."

"काय विचारायचं?" विंको म्हणाला. "खोटं बोलला ना?"

"बोलला. पण लाजून बोलला. लबाड माणूस लाजत नाही, मिस्त्री."

"अहो यास्ना, तो लाजो नाहीतर नाचो. इंजिन कोमट होतं." 'जिथं कोमट तिथं लबाड' ही व्याप्ती स्पष्ट होती. मी विंकोच्या बाजूनं बोललो.

परतताना ज्या पंपावर भिस्त होती तिथं दारावर पाटी: दुरुस्तीसाठी बंद. सकाळी फोनवर उघडं होतं. विंको खिडकीबाहेर पाहत राहिला, झाग्रेबपर्यंत. भला माणूस आहे. घरी आल्यावर मी मागची सीट धुतली. याविषयी कुठंही लिहायचं नाही असं आमचं दोघांचं ठरलेलं आहे. लिहिलं.

३१ मार्च. ईस्टर

हॅम, कोवळे मुळे, रंगवलेली अंडी. यास्नानं सगळं केलं आणि खाल्लं काही नाही. दुपारी नेवेंकाचा फोन. यास्ना तिला सांगत होती, "मुकुंदच्या परीक्षा आहेत गं त्याच सुमाराला. तो नाही म्हणतोय, मी एकटी कशी येऊ?" मी शेजारच्या खोलीत होतो. माझ्या परीक्षा जूनमध्ये असतात. दोघी बहिणींमध्ये खलनायक व्हायला मिळालं, तर तेवढा उपयोग तरी आहे माझा.

१० एप्रिल

ओसियेकच्या एका गाडीचे फोटो आले. प्रत्येक फोटोत त्याच कोपऱ्यासमोर तीच फुलदाणी. विंको म्हणाला, "फुलदाणीमागे जंगल असणार." गेलो नाही.

यास्ना सकाळी म्हणाली, "तो मेजिमुर्येचा म्हातारा. मला एकदा बघायचंय तो सकाळी काय करतो."

"म्हणजे?"

"म्हणजे तू जाऊन बघ."

१३ एप्रिल

पहाटे अंधारातच निघालो, एकटा. विंकोला सांगितलं नाही. साडेसहाला श्तेफकाकांच्या गल्लीच्या कोपऱ्यावर गाडी लावली आणि लबाडी रंगेहाथ पकडण्याच्या तयारीनं बसलो. सातला कॅम्पर फाटकातून मागे मागे बाहेर आला. काका चालवत होते. शेजारचं आसन रिकामं, त्यावर जाकीट, जाकिटावर पट्टा. मी मागे निघालो.

जेमतेम दोन किलोमीटर. गावाबाहेरच्या दफनभूमीपाशी काकांनी गाडी अशी लावली, की खिडकी कबरींच्या बाजूला येईल. मग उतरले, लाल काचेचा दिवा हातात घेऊन आत गेले, एका कबरीवरचा विझलेला दिवा उचलून हा पेटवून ठेवला, रुमालानं दगड पुसला. परत येऊन कॅम्परच्या पायरीवर बसले आणि दोन कपांत कॉफी ओतली. मी थुयाच्या झुडपांमागे उभा होतो. आम्हा दोघांत चोर कोण, याविषयी आता फारशी शंका उरली नव्हती.

"ये की पोरा," ते मागे न बघताच म्हणाले. "झुडपात थंडी वाजेल."

मी सत्तावन्न वर्षांचा आहे. गेलो.

"इंजिनवाले ना तुम्ही?"

"काका, त्या दिवशी गाडी चालवली नाही असं का म्हणालात?"

"मग काय म्हणू? लेक डब्लिनहून फोनवर ओरडते. बाबा, दोन किलोमीटरला अख्खं घर घेऊन जाता, गाव हसतं. तुमच्याबरोबर बाईमाणूस होतं. तिच्यासमोर कुठं हसं करून घेऊ?" त्यांनी दुसरा कप माझ्याकडे सरकवला, मग थांबले, तो कप पुन्हा आपल्याजवळ घेतला आणि आतून माझ्यासाठी तिसरा आणला. "नोव्हेंबरात दोन वर्षं होतील. गाडी तिचीच. म्हणायची, श्तेफ, घरात मला पाहुणी आल्यासारखं वाटतं, इथं घरी आल्यासारखं."

"मग विकता कशाला?"

"जूनमध्ये ऐंशी पूर्ण. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, डोळे आता परवान्याचे नाहीत. विकत घेणाऱ्यानं चालवावी तरी. उभी राहिली तर सडेल."

"आणि इथं कसे याल?"

"चालत. थोडा उशीर होईल. तिला माझी वाट बघायची सवय आहे, पंचावन्न वर्षांची."

आमचे तर्कशास्त्री, नैयायिक, सांगतात की नुसता अग्नी असून धूर येत नाही, जळण ओलं असावं लागतं. त्या अटीकडे दुर्लक्ष केलं की अनुमान फसतं. हे मी दरवर्षी फळ्यावर लिहितो आणि न लिहिणाऱ्या मुलाचे गुण कापतो. इथं ओलं काय होतं, ते एका जाकिटाशेजारून दोनदा जाऊनही मला दिसलं नाही.

मग मीही खरं सांगितलं. टिंबं, लग्न, सीट, सगळं. कुणालाच सांगितलं नव्हतं.

काकांनी मान हलवली. "अस्सं! म्हणून त्या आत इतका वेळ होत्या. मला वाटलं, आमचा संडास आवडला."

"आवडलाच, काका."

"मग उद्या मिस्त्रीला घेऊन या. उद्या मी हिला हात लावणार नाही."

१४ एप्रिल, रविवार

आम्ही पोचलो तेव्हा श्तेफकाका रस्त्यानं परत येताना दिसले. काठी, बुटांना चिखल, कपाळावर घाम. आज चालत जाऊन आले होते. "पस्तीस मिनिटं लागली," ते म्हणाले. "मारित्सा म्हणाली असती, गोगलगाय बरी."

विंकोनं झाकण उचलून हात ठेवला. बराच वेळ ठेवला, जणू ताप बघतोय. "गार," तो म्हणाला. मग किल्ली फिरवायला मला बसवलं, आणि स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनाला व मूठ कानाला लावून ओणवा झाला. मी मनात कुठल्या देवाचं नाव घ्यावं ते ठरत नव्हतं. पहिल्याच फिरकीला सुरू झालं. एकदा खोकलं, चिमूटभर धूर सोडला आणि मग म्हातारा गवई रियाजाला बसावा तसं लागलं.

"काय म्हणतंय?" मी विचारलं.

विंको कान काढीना. "खरं बोलतंय," तो शेवटी म्हणाला.

या भागात सौदा कागदानं होत नाही, लिकोफनं होतो. विकणाऱ्यानं मेज मांडायचं आणि सगळ्यांनी प्यायचं, तेव्हा वस्तू खरी हलते. काकांनी घरची वाइन, सॉसेज आणि भोपळ्याच्या बियांचं तेल घातलेली कोशिंबीर मांडली. विंकोनं माफी मागितली नाही. पण तिसरा पेला त्यानं स्वतःहून पुढे केला आणि म्हणाला, "भरा काका. चाळीस वर्षांत पहिल्यांदा चुकलोय." मी सोडावॉटर प्यायलो, चालवायचं मला होतं.

काकांनी आसनावरचं जाकीट स्वतः सोडवून घरात नेलं. पट्ट्याचं बक्कल उघडायला त्यांना वेळ लागला. आम्ही दोघं तेवढा वेळ टायरांविषयी बोललो.

घरी फोन केला. "गार होतं," एवढंच म्हणालो. "पडदे निळेच ठेवू," यास्ना म्हणाली.

२९ एप्रिल

कागदपत्रं झाली. गृहरथ खिडकीखाली उभा आहे. यास्ना रोज त्यात जाऊन कांदे चिरते. वर स्वयंपाकघर आहे, हे मी तिला दोनदा सुचवून पाहिलं.

तिनं नेवेंकाला फोन केला. "मुकुंदनं परीक्षा पुढे ढकलल्या." मेव्हणीनं मला निरोप दिलाय, की माझ्याविषयी जे जे बोलली ते सगळं मागे घेते. काय बोलली होती ते कुणी सांगत नाही.

२३ मे, गुरुवार. वाटेत

डोंगराखालच्या लांब बोगद्याच्या तोंडाशी बसून लिहितो आहे. पुढे बोगद्यात ट्रक बंद पडला म्हणतात. पावणेदोन तास झाले, समोर आणि मागे नजर पोचेल तिथवर गाड्या. इंजिनं बंद, लोक रस्त्यावर उतरलेले, ऊन मी म्हणतंय. शेवटचा पंप चाळीस किलोमीटर मागे, पुढचा बोगद्यापलीकडे.

थांबलो त्या क्षणी मी यास्नाकडे पाहिलं. अशा वेळी तिच्या चेहऱ्यावर जे येतं त्याची मला तीन वर्षांची सवय आहे. ते आलं नाही. ती उठली, दोन पावलं टाकून आत गेली, यथावकाश बाहेर आली आणि म्हणाली, "कॉफी घेणार?"

अर्ध्या तासानं खिडकीवर टकटक. एक तरुण आई, कडेवर मुलगी, मुलीचे पाय एकमेकांत गुंडाळलेले. "ताई, विचारायला लाज वाटते, पण..."

"लाज कसली? आण तिला. पाय पुसून ये."

ही बातमी रस्ताभर कशी गेली कोण जाणे. पाऊण तासात पायरीशी रांग लागली. स्प्लिटचे दोन विद्यार्थी, एक नन, एक घामाघूम पोलिश गृहस्थ. यास्ना पायरीवर उभी राहून हुकूम सोडत होती. "पाणी जपून! अहो तुम्ही, गाणं नंतर म्हणा, मागे लोक आहेत!" विद्यार्थ्यानं विचारलं, "आँटी, किती द्यायचे?" "परीक्षेत पास हो, चल पळ." मी बादलीनं पाणी भरत होतो. अशा पौरोहित्याचं शिक्षण मला मिळालेलं नाही, पण जमलं.

रांगेपासून जरा लांब, कठड्याला धरून एक बाई उभ्या होत्या. पन्नाशीच्या, लग्नाला निघाल्यासारख्या नटलेल्या. डोंगर बघत होत्या. चांगला डोंगर आहे, पण इतका नाही. यास्नानं त्यांना पाहिलं, रांग तशीच सोडून सरळ त्यांच्याकडे गेली, कानाशी काही बोलली आणि दंडाला धरून त्यांना सगळ्यांच्या आधी आत घेऊन आली. पोलिश गृहस्थ कुरकुरला. यास्नानं त्याच्याकडे असं पाहिलं की तो दोन माणसं मागे सरकला.

"ओळखीच्या का?" मी विचारलं.

"नाही," यास्ना म्हणाली. "पण ओळखलं."

माहेरच्या बाजूच्या असतील. तिकडे सगळे एकमेकांचे कुणीतरी लागतात.

तेवढ्यात बोगदा मोकळा झाला. पुढच्या गाड्या हलल्या, लोक पळत आपापल्या गाड्यांत शिरले, आणि आमच्यामागे शंभरेक भोंगे एकदम वाजायला लागले. मी चालकाच्या जागेवर बसून किल्लीला हात घातला.

"मुकुंद! खबरदार!"

आरशात पाहिलं. यास्ना पायरीवरून उतरून भर महामार्गावर, आमच्या गाडीच्या मागे, दोन्ही हात वर करून उभी होती. जिनं तीन वर्षं बहिणीलाही कारण सांगितलं नाही, ती माझी बायको दक्षिणेकडे निघालेल्या अख्ख्या देशाला घसा फोडून सांगत होती:

"थांबा! आत माणूस आहे! घाई करायची नाही!"

भोंगे थांबले. मी किल्लीवरचा हात काढला, वही पुन्हा उघडली आणि राहिलेलं एवढं लिहून घेतलं.